आडव्याची बोली

माझ्या मावशीने एकतीस वर्षं धक्क्यावरच्या शेडमध्ये मासळीचा लिलाव पुकारला, आणि त्या एकतीस वर्षांत स्वतः त्या लिलावात बोटभर मासळीसुद्धा घेतली नाही. घरी मासे हवे असले की ती चार बायकांसारखी गल्लीतल्या हातगाडीवाल्यापुढे उभी राहायची. सकाळी जी पेटी तिने स्वतः पुकारली त्यातलाच एखादा मासा दुपारच्या उन्हात मऊ पडून तिच्या ताटलीत यायचा. मग ती हातगाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि घ्यायची. "सकाळी हा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, आता बघ कशी मान टाकलीय," असं मला म्हणायची.

याला कारण शेडचा नियम. पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही. फार पूर्वी म्हणे एक पुकारणारा मेहुण्याला पुढे करून स्वतःच बोली लावायचा. ते उघडकीला आलं तेव्हा चिडलेले बोटवाले दोन वर्षं दुसऱ्या धक्क्याला माल उतरवत होते. तेव्हापासून ठरलं, की पुकारणाऱ्याने एकदा जरी बोली लावली तरी पुकारायच्या ओट्यावरून खाली उतरायचं आणि परत चढायचं नाही. दुसरा नियम सगळ्यांसाठी आहे: तीनदा उच्चारलेली बोली मागे घेता येत नाही. बाकी शेडमध्ये शिव्या चालतात, भांडणं चालतात, एकदा तर एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर बर्फाची टोपली उपडी केली होती, तेही चाललं. हे दोन नियम मात्र कुणी मोडलेले मी पाहिले नाहीत. मी मावशीच्या शेजारी बसून पावत्या लिहायचे, तीही चौदा वर्षं, म्हणजे पाहण्यासारखं सगळं पाहिलंय.

मावशीची नजर पक्की होती. माशाचा कल्ला उचलायचा, एकदा वास घ्यायचा आणि भाव सुरू करायचा, की गाडी तिच्या मनातल्या आकड्याच्या आसपासच थांबायची. त्यामुळे वस्तीत तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. जुनं इंजिन घ्यायचंय, मावशीला विचारा. पोरीसाठी स्थळ आलंय, मावशीला दाखवा. कोणत्या गोष्टीची काय लायकी आहे ते हिलाच कळतं, असं सगळ्यांना वाटायचं. हे तिलाही मनापासून पटलेलं होतं, आणि मी हे प्रेमाने सांगतेय. सगळी वस्ती तिला मावशीच म्हणायची. सख्खी भाची मी एकटी, पण त्याचा मला फायदा काही झाला नाही.

आता आडव्याबद्दल. आमच्या किनाऱ्यासमोर पाण्यात प्रवाळाचा एक लांबलचक खडक आहे. तो आडवा पडलाय म्हणून त्याचं नाव आडवा. नाव ठेवताना आमच्या लोकांनी डोक्याला फार ताण दिलेला नाही. ओहोटीला त्याची पाठ उघडी पडते, भरतीला तिथे नुसती फेसाची रेघ दिसते. मोठी लाट त्याच्यावर आपटून फुटते, आत येते ती निम्मी होऊन. म्हणून आत लहान होड्या निवांत लागतात, आणि त्याच्या बिळांत माशांची पिल्लं मोठी होतात. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याच्याविषयी कुणी कधी बोलत नसे. घराच्या भिंतीचं कौतुक कोण करतं?

मागच्या वर्षी विद्यापीठातून एक मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात फॉर्मचा गठ्ठा, पायात असे बूट की शेडच्या ओल्या फरशीवर पहिल्या पाच मिनिटांतच ती दोनदा घसरली. आम्ही तिला सर्व्हेवाली म्हणू लागलो. लिलाव संपून चहा फिरत होता. शेडमध्ये चाळीसेक माणसं होती. तिने कुणाला तरी विचारलं की इथे सगळ्यात जाणकार कोण, आणि चाळीस बोटं मावशीकडे वळली.

"मावशी, पर्यटकांच्या बोटी आडव्यावर नांगर टाकतात, प्रवाळ तुटतं," सर्व्हेवाली म्हणाली. "त्याची राखण करायची, मोडलेले तुकडे बांधून परत लावायचे, ओहोटीला जाऊन पाहणी करायची. असं काम निघालं तर तुम्ही महिन्यातले किती दिवस द्याल? पैशांत विचारलं की लोक अवघडतात, म्हणून मी दिवसांत विचारतेय."

"म्हणजे आडव्यासाठी बोली लावायची."

"तसं म्हणा हवं तर."

मावशीच्या हातात लिलावाची घंटा तशीच होती. तिने क्षणाचाही विचार केला नाही. "माझी शून्य. लिही."

तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पुकारणाऱ्याची बोली नसते, विषय संपला. पण हे तिच्या डोक्यात होतं, आणि बाकीच्यांनी ऐकलं ते एवढंच, की मावशीने आडव्याला शून्य लावलं. मग सर्व्हेवाली बोटवाल्याकडे वळली. आमच्या वस्तीत सगळ्यात मोठ्या दोन बोटी त्याच्या. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शून्य." त्याच्या खलाशांनी शून्य सांगितलं. पेट्या धुणाऱ्या बायकांनी शून्य सांगितलं. मीसुद्धा पेन कानाला खोचून शून्य म्हणाले. का म्हणाल, तर मावशी म्हणाली म्हणून. चाळिशी उलटलेली बाई मी, पण भावाच्या बाबतीत स्वतःचं डोकं वापरायची सवयच गेलेली. एकटा बर्फवाला, जो आमच्याकडे येऊन वर्षच झालं होतं, तो म्हणाला, "तीन दिवस देईन की." सगळे हसले. नवीन आहे, शिकेल, असं बोटवाला म्हणाला.

पुढचे तीन दिवस सर्व्हेवाली घरोघर फिरली. तिच्या आधी बातमी पोचलेली असायची.

चार महिन्यांनी बंदर कार्यालयाने शाळेच्या फळ्यावर नोटीस लावली. आडवा मधोमध फोडून सरळ वाट काढायची, म्हणजे मोठ्या बोटी वळसा न घालता थेट आत येतील. सुनावणी सोमवारी, शाळेच्या हॉलमध्ये. खाली कारणं होती, आणि तिसरं कारण मी दोनदा वाचलं. वस्तीतल्या एकशे सत्तावीस घरांपैकी एकशे एकोणीस घरांनी या खडकासाठी एकही दिवस देण्याची तयारी दाखवलेली नाही, सबब स्थानिकांना त्याची गरज वाटत नाही.

मी धावतच मावशीच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती आणि काका अंगणात कुणाच्या तरी इंजिनाचे पार्ट पसरून बसले होते. काका इंजिनं दुरुस्त करतात आणि दिवसाला दहा शब्द बोलतात. मी नोटीस सांगितली.

"गरज वाटत नाही?" मावशी कडाडली. "कोण म्हणतं? त्या पोरीने काय वाट्टेल ते लिहिलंय. बोलव तिला."

सर्व्हेवालीला फोन केला तर ती बिचारी दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने आली. तिचाही चेहरा उतरला होता. "माझा अभ्यास त्यांनी असा वापरला हे मला नोटीस वाचूनच कळलं," ती म्हणाली. "पण मावशी, मी तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. तुम्ही शून्य म्हणालात."

"अगं, मी पुकारते! माझी बोली कशी असेल?"

"हे मला कसं कळणार?"

मावशीने तांदळाचं सूप पुढे ओढलं आणि निवडू लागली.

"मग बाकीचे का शून्य म्हणाले?" सर्व्हेवालीने विचारलं. मी खाली बघत होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं. "तूसुद्धा?" मी मान हलवली. तिने सूप बाजूला ठेवलं. अंगणातून काका म्हणाले, "तुझ्या नादी लागले सगळे." त्यांच्या दहातले चार शब्द गेले, पण बरोबर खर्च झाले.

सर्व्हेवालीने मार्ग सांगितला. सुनावणीत लोकांनी सगळ्यांसमोर नव्याने दिवस सांगितले तर ते नोंदवावे लागतात, आणि पहिला आकडा रद्द होतो. "एवढंच ना?" मावशी उठली. "दोन दिवसांत करते." तिने पदर खोचला आणि मला बरोबर घेतलं.

त्या दोन दिवसांत मी आडव्याबद्दल जेवढं ऐकलं तेवढं जन्मात ऐकलं नव्हतं. मावशीला सगळं माहीत होतं. कोपऱ्यावरच्या विधवा शिक्षिकेला तिने तिच्याच विहिरीपाशी उभं केलं. "पाणी गोड लागतं ना? पलीकडच्या वस्तीने त्यांचा खडक फोडला, समुद्र आत सरकला, आता त्यांच्या विहिरीत मीठ आहे. टँकरची वाट बघतात." गवंड्याला म्हणाली, "तू किनाऱ्यालगत बांधलेली बारा घरं वादळात टिकली ती तुझ्या सिमेंटमुळे असं तुला वाटतं. वाटू दे. पण तेच सिमेंट तू पलीकडेही वापरलंस, आणि तिथे आख्खी पुढची आळी गेली." पेट्या धुणाऱ्या बायकांना सांगितलं की ज्या बारक्या मासळीवर तुमचं घर चालतं ती लहानपणी त्या बिळांतच लपते. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटलं. आणि सगळ्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मावशी, तुमचे किती दिवस?"

"माझी बोली नसते. तुम्हाला माहीत आहे."

मग समोरचा माणूस पायाने जमीन उकरू लागायचा. बोटवाल्याने ते तोंडावर सांगितलं. "राग मानू नका. ही नुसती बोलाची गोष्ट नाही, दिवस खरोखर द्यावे लागणार. मी दिवस देणार म्हणजे माझ्या दोन बोटी त्या दिवशी उभ्या राहणार. आणि कागदावर तुमचं शून्यच राहणार? जो माल पुकारणारीच्या लेखी शून्याचा, त्यावर आम्ही उडी मारायची?"

"माझ्या लेखी तो शून्याचा नाही, किती वेळा सांगू!"

"मग बोला आकडा."

मावशी तिथून निघाली. परत येताना ती रस्त्याच्या कडेने चालत होती आणि मी तिच्या मागे. मला कळत होतं ती काय मोजतेय. आकडा बोलायचा म्हणजे ओटा सोडायचा. एकोणतीस वर्षांची असताना ती त्या ओट्यावर चढली, तेव्हा बाई पुकारणार म्हणून लोक हसले होते, आणि पहिल्या आठवड्यात तिने त्यांचं हसू बंद केलं होतं. तिला मूलबाळ नाही. तिचा दिवस त्या घंटेने सुरू व्हायचा. मी म्हटलं, "मावशी, तू नको बोलूस. आपण अजून घरं फिरू." ती म्हणाली, "घरं संपली."

सोमवारी हॉल भरला. बंदर कार्यालयाचे साहेब पुढे टेबलाशी बसले होते, सज्जन माणूस, सारखा चष्मा पुसणारा. शेजारी सर्व्हेवाली कोरे फॉर्म घेऊन. साहेबांनी नोटीस वाचली आणि विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मावशी उठली, पुढे गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. साहेबांकडे पाठ. त्यांना हे अपेक्षित नव्हतं, पण त्यांनी चालवून घेतलं.

"माल बघून घ्या," ती शेडमध्ये म्हणते तसं म्हणाली. "आडवा एक नग. वय कुणालाच माहीत नाही, तुमच्या आज्याच्या आज्याने पाहिलेला. जिवंत आहे, अजून वाढतोय. मागच्या वादळात सहा तास लाटा खात होता आणि तुमची पोरं या शाळेच्या माळ्यावर कोरडी बसली होती. त्याच्या आडोशाला तुमच्या होड्या बांधता, त्याच्या पोटात तुमची मासळी वाढते, त्याच्या जिवावर तुमच्या विहिरी गोड आहेत. एकदा फोडला की परत मिळणार नाही, असा दुसरा बाजारात नाही. खोट आहे एकच. तो फुकट मिळालाय, म्हणून आपण त्याच्याकडे कधी नीट बघितलं नाही. बोला."

कुणी बोललं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि कशाची वाट बघत होते ते तिलाही ठाऊक होतं. मी मनात म्हणत होते, कुणीतरी बोला रे, बोटवाल्या, बोल, म्हणजे हिला बोलावं लागणार नाही. मग लक्षात आलं की तोंड तर मलाही आहे. मी उठले, पण तोवर उशीर झाला होता.

"आठवड्याचा एक दिवस," मावशी म्हणाली. "हातपाय चालतील तोवर." आणि तिने ते शेडमध्ये म्हणतात तसं अजून दोनदा म्हटलं, सावकाश, म्हणजे परतीची वाट उरली नाही.

हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. शेडमधल्या प्रत्येकाला कळलं की आत्ता काय झालं. साहेबांना काहीच कळलं नाही, ते चष्मा पुसत होते. मग बोटवाला उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. "महिन्याचे दोन दिवस, दोन्ही बोटी, सगळे खलाशी." गवंडी उठला. शिक्षिका उठली. बर्फवाला म्हणाला, "माझे तीन होतेच, चार करा," आणि या वेळी कुणी हसलं नाही. सर्व्हेवालीचे फॉर्म अर्ध्या तासात संपले, मग ती शाळेच्या वहीची पानं फाडून लिहू लागली. मीही लिहून दिले, महिन्याचे दोन.

पुढे बाविसाव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. वाट आडव्याच्या उत्तर टोकाला वळसा घालूनच राहील, फोडायचं रद्द. पण मला सांगायचंय ते सुनावणीनंतरचं.

त्याच संध्याकाळी बोटवाला चार माणसांना घेऊन मावशीच्या घरी आला. सगळे ओशाळलेले. "मावशी, ते काही शेडमध्ये नव्हतं," तो म्हणाला. "शाळेत होतं. शाळेतली बोली शेडला लागू नाही, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. उद्या तुम्ही ओट्यावर या."

"ती बोली होती की नव्हती?"

"होती, पण..."

"मग झालं. माझी बोली खोटी ठरवायची असेल तर तुझे दोन दिवसही खोटे. सगळ्यांचेच खोटे. उद्या साहेबाने विचारलं तर काय सांगणार, मस्करी केली?" तिने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. ते गेल्यावर मी भांडले तिच्याशी. रडलेसुद्धा. मला तिचा इतका राग आला होता आणि इतका अभिमान वाटत होता की काय करावं सुचेना, म्हणून कपबश्या धुतल्या.

"उद्यापासून तू पुकारायचं," ती मागून म्हणाली.

"माझा आवाज कुठे तेवढा?"

"आवाज पोटातून काढायचा. आणि भाव डोळ्यांतून. माशाच्या, तुझ्या नव्हे."

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर चढले. समोर व्यापारी, आणि त्यांच्या मागे, खांबाला टेकून, मावशी. रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं, कधी कमरेवर ठेवायची, कधी पाठीमागे बांधायची. मी तिच्याकडे न बघता पहिल्या पेटीचा कल्ला उचलला, वास घेतला आणि भाव पुकारला. आवाज चिरकला. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवी बाई म्हणजे त्यांची चांदीच. एकाने उगाच थोडं वर नेलं आणि बाकीचे ठरल्यासारखे छताकडे बघू लागले. मी एकदा म्हटलं. दोनदा म्हटलं. घंटेवर हात गेला.

"थांब," मागून आवाज आला. मावशीने बोली लावली.

आख्खी शेड मागे वळली. बोली दुपटीच्याही वर होती. तो व्यापारी चिडून थोडा वर गेला, तर ती त्याच्याही वर गेली, श्वास न घेता. व्यापाऱ्याने हात जोडले. मी तीनदा म्हटलं आणि घंटा मारली. अठरा मोठे मासे, खाणारी माणसं दोन, आणि घरात फ्रीज एवढासा. दुपारपर्यंत शेडमध्ये त्याच गोष्टीवर हशा चालला होता.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा काका ओसरीवर त्या पेटीकडे एकटक बघत बसले होते आणि मावशी शेजारणींना मासे वाटून उरलेला एक साफ करत होती.

"एवढं महाग कशाला घेतलंस?" मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी हसं करून घेतलंस. भाव तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतो?"

तिने खवले काढायचं थांबवलं नाही.

"महाग नाही पडलं," ती म्हणाली. "तू कमी पुकारलंस."